‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ आणि आपली मराठी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फेब्रुवारी लागला की सक्करदरा चौकातून रेशीमबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी मुलामुलींच्या सायकली आणि स्कूटी वाढतात. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. शिकवणीच्या वर्गांत उजळणी चाललेली असते आणि इंग्रजीची उजळणी म्हटली की फळ्यावर तीन शब्द हमखास दिसतात : ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’. सांगितलंय तसं करा. अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करा, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा, ‘टू’ काढून ‘सो... दॅट’ घाला, अलंकार ओळखा. मुलं करतातही. वाक्य उलटं-सुलटं करण्यात काही जण इतके तरबेज होतात की वाक्याचा अर्थ काय, हे न कळताही पूर्ण गुण मिळवतात.

हे गुण वाईट नाहीत. घरात कोणीच इंग्रजी न शिकलेल्या मुलाला तेच गुण तारून नेतात. पण तोच मुलगा जूनमध्ये अकरावीला सायन्सला जातो, भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडतो आणि पहिल्या पानावर अडतो. पुस्तकातलं प्रत्येक दुसरं वाक्य पॅसिव्हमध्ये असतं. ते करायला तो शिकला आहे, वाचायला नाही. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे आज दहावीला बसणाऱ्या मुलाच्या गाठीशी दहा वर्षांचं इंग्रजी असतं. दहा वर्षांत माणूस कुठलीही भाषा शिकतो. मग अडतं कुठे?

माझ्या मते अडतं ते इथे : व्याकरण वेगळं, पत्रलेखन वेगळं, अलंकार वेगळे आणि नाटक तर त्याहून वेगळं, अशी आपण कप्पेबंद उजळणी करतो. खरं म्हणजे या सगळ्या कप्प्यांत एकच प्रश्न आहे. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय आणि कुठे उभं राहून बोलतंय? या प्रश्नाचं उत्तर मराठी बोलणारं मूल सकाळपासून रात्रीपर्यंत देत असतं. फक्त ते व्याकरण आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

पहिली भीती परिभाषेची. ती तरी काढून टाकायला हवी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि पुढच्या चार, अशा आठ शब्दजाती आपण पाठ करतो. त्या इंग्रजीतल्या आठ ‘पार्ट्स ऑफ स्पीच’च्याच साच्यातल्या आहेत. संस्कृतात यास्काने चारच मानल्या होत्या. आपली विरामचिन्हंही इंग्रजीकडून आलेली, मेजर कँडी यांच्या खटपटीने मराठीत रुळलेली. तेव्हा मराठीच्या तासाला ज्याने शब्दांच्या जाती शिकल्या, त्याने अर्धं इंग्रजी व्याकरण नकळत शिकलेलंच आहे.

आता ‘अ’ आणि ‘द’ घ्या. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ते आपल्याला जमत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. पण सक्करदऱ्यातला मुलगा मित्राला सांगतो, “संध्याकाळी तलावावर ये.” कुठल्या तलावावर, हे तो सांगत नाही. नागपुरात अंबाझरी आहे, फुटाळा आहे, गांधीसागर आहे. तरी मित्र चुकत नाही. तलाव कुठला, हे दोघांना ठाऊक आहे आणि ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक आहे. इंग्रजीत या ठाऊक असण्यालाच ‘द’ म्हणतात. आजीच्या गोष्टीत ‘एक होता राजा’ येतो. पुढच्या वाक्यात ‘राजाला दोन राण्या’ असतात, तिथे ‘एका राजाला’ असं आजी म्हणत नाही. पहिला राजा ‘अ किंग’, दुसरा ‘द किंग’. ऐकणाऱ्याला किती माहीत आहे, याचा हिशेब आजी ठेवते. ‘द’ कुठे लावायचा याचे नियम पुस्तकात बरेच आहेत आणि ते पाठ करायला माझी हरकत नाही, पण बहुतेक ठिकाणी हा हिशेब पुरतो.

खरा घोळ होतो तो प्रयोगांत. वर्गात सर्रास सांगितलं जातं, कर्तरी म्हणजे अ‍ॅक्टिव्ह आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. हे समीकरण सोयीचं आहे, पण बरोबर नाही. ‘रमेशने संत्रं खाल्लं’, ‘रमेशने पोळी खाल्ली’. क्रियापद बदललं ते संत्र्यामुळे आणि पोळीमुळे. रमेशच्या जागी सीमा आली तरी ते बदलत नाही. म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत याचं भाषांतर ‘रमेश एट अ‍ॅन ऑरेंज’ असंच होतं आणि ते अस्सल अ‍ॅक्टिव्ह आहे. मराठीतला प्रयोग क्रियापद कोणाच्या तालावर चालतं, ते सांगतो. इंग्रजीतला व्हॉइस सांगतो, की बोलणाऱ्याने वाक्याच्या दारात कोणाला उभं केलं आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्याला आपण नवीन कर्मणी म्हणतो, ‘संत्रं खाल्लं गेलं’ वगैरे, तो इंग्रजीच्या सावलीत वाढलेला. घरात असं कोणी बोलत नाही.

मग पॅसिव्ह कसं समजावायचं? घरात कप फुटतो तेव्हा. मोठी मुलगी सांगते, “दादाने कप फोडला.” दादा म्हणतो, “माझ्याकडून कप फुटला.” आणि आई रागात असेल तर सगळ्यांत लहानगा नुसतं म्हणतो, “कप फुटला.” कप एकच. पहिल्या वाक्यात गुन्हेगार समोर उभा आहे. दुसऱ्यात तो हजर आहे, पण हेतू नव्हता, असं हळूच सुचवतो आहे. तिसऱ्यात गुन्हेगारच नाही, कप आपणहून फुटला. इंग्रजीत ‘ही ब्रोक द कप’, ‘द कप वॉज ब्रोकन’, ‘द कप ब्रोक’ अशी तीन वाक्यं होतात. दादाच्या ‘माझ्याकडून’मधला संकोच इंग्रजी व्याकरणाला जमत नाही, त्याला वेगळे शब्द खर्ची घालावे लागतात. आपल्या भाषेत काय जास्त आहे, हेही मुलांना कळायला हवं. नेहमी आपल्याकडे काय कमी, तेवढंच त्यांना ऐकवलं जातं.

आता हे वाक्य बघा : ‘सदर तक्रारीवर योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ कोण करणार? माहीत नाही. हे इंग्रजी कार्यालयीन पॅसिव्हचं मराठी रूप. कचेरीत बसलेल्या माणसाला नाव न सांगता बोलण्याची सोय हवी असते, ती या रचनेत आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पॅसिव्ह येतं ते वेगळ्या कारणाने. परीक्षानळी कोणी तापवली याला तिथे महत्त्व नाही, ती तापवली की काय होतं याला आहे. रचना एकच, पण एकीकडे कर्ता लपवला आहे आणि दुसरीकडे तो गैरलागू आहे. हा फरक ज्याला दिसला, त्याला वर्तमानपत्र वाचता आलं, असं मी समजतो.

पत्रलेखनाची उजळणी इथेच करून टाकावी. वस्तीतली नाली महिनाभर साफ झालेली नाही, असा अर्ज लिहायचा आहे. मुलं पाठ केलेली सुरुवात करतात, स्वच्छतेचं महत्त्व सांगतात, रोगराईवर एक परिच्छेद लिहितात आणि नाली कुठली हे सांगायचं विसरतात. अर्ज वाचणारा माणूस कोण आहे? त्याला स्वच्छतेचं महत्त्व नको आहे, त्याला पत्ता हवा आहे. पहिल्या वाक्यात नाली, गल्ली आणि किती दिवस, दुसऱ्यात त्रास, तिसऱ्यात मागणी. ‘टॉपिक सेंटेन्स’ म्हणून जे शिकवतात ते एवढंच : वाचणाऱ्याला ज्यासाठी थांबवलं, ते आधी सांगा. आणि अर्जात कर्ता लपवू नका.

डायरेक्ट-इनडायरेक्ट हा मुलांचा सगळ्यांत नावडता प्रकार. कारण सरळ आहे. मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ बदलत नाही. ‘आई म्हणाली, की मी उद्या बाजारात जाईन.’ जाणारी आई आहे, तरी ‘मी’ आणि ‘जाईन’ तसेच राहिले. आपण आईचा आवाज जसाच्या तसा आणून ठेवतो. इंग्रजी सांगणारा तसं करत नाही. तो स्वतःच्या जागेवरून, स्वतःच्या घड्याळाने सांगतो. म्हणून ‘मी’ची ‘ती’ होते, ‘विल’चं ‘वुड’ होतं, ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ होतो, ‘इथे’चं ‘तिथे’ होतं. हे पाच-सहा बदल वेगवेगळे पाठ करायचे नियम नाहीत. बोलणाऱ्याच्या जागी सांगणारा उभा राहिला, हा एकच बदल आहे. मुलांना मी सांगतो, डायरेक्ट स्पीच म्हणजे नाटक आणि इनडायरेक्ट म्हणजे बातमी. नाटकात आई स्वतः येऊन बोलते, बातमीत वार्ताहर तिचं म्हणणं सांगतो.

अलंकारांवर फार वेळ घालवू नये. मराठी मुलांकडे ते भरपूर असतात. नागपूरच्या मे महिन्यात, नवतपा सुरू झाला की, ‘ऊन मी म्हणतंय’ असं आपण म्हणतो. उन्हाला तोंड आणि अहंकार दोन्ही दिले, हे पर्सॉनिफिकेशन. रिमझिम, खळखळ, कडाड हे शब्द म्हणजे ओनोमॅटोपिया. अडचण दोनच ठिकाणी. एक, अ‍ॅपॉस्ट्रॉफी. हा शब्द ऐकला की मुलांच्या डोळ्यांपुढे अक्षरावरचा स्वल्पविराम येतो. अलंकार म्हणून त्याचा अर्थ समोर नसलेल्याला किंवा निर्जीवाला हाक मारणं. पावसाला ‘ये रे बाबा’ म्हणणारा प्रत्येक शेतकरी तो वापरतो. दुसरी अडचण उत्प्रेक्षेची. मराठीत उपमा, उत्प्रेक्षा, रूपक अशा तीन पायऱ्या आहेत. इंग्रजीच्या शाळकरी यादीत मधली पायरी नाही, ‘जणू’ची वाक्यं बहुधा सिमिलीत जातात. एवढं सांगितलं की झालं.

अँटिथिसिस मात्र नीट समजावून द्यावा, कारण तो सजावटीचा नसून विचाराचा अलंकार आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी जे इंग्रजी भाषण केलं, त्यात राजकारणातली समता आणि समाजातली, अर्थव्यवहारातली विषमता समोरासमोर उभी केली आणि २६ जानेवारीपासून आपण या विसंगतीत पाऊल टाकणार आहोत, असा इशारा दिला. विरोध शब्दांत आला, कारण तो देशाच्या परिस्थितीतच होता.

याच वक्त्याचं दुसरं भाषण इथून फार दूर नसलेल्या दीक्षाभूमीवरचं, १५ ऑक्टोबर १९५६चं. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं हे भाषण मराठीत आहे. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला माणूस लाखो कष्टकऱ्यांपुढे उभा आहे आणि सुरुवातीलाच लोकांच्या मनातला प्रश्न स्वतः उपस्थित करतो : या कार्यासाठी नागपूरच का? संघाचं ठाणं इथे आहे म्हणून हे शहर निवडलं, अशी चर्चा होती. ती ते नाकारतात आणि बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा इतिहास सांगतात. समोरच्याची शंका त्याने विचारण्याआधी आपण मांडायची आणि तिचं उत्तर द्यायचं, याला रेटरिकमध्ये वेगळं नाव आहे, पण नाव विसरलं तरी चालेल. अ‍ॅरिस्टॉटलने श्रोत्याला वळवण्याचे तीन मार्ग सांगितले : वक्त्याबद्दलचा विश्वास, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद. ही दोन भाषणं शेजारी ठेवली, तर तिन्ही सापडतात आणि सभा बदलली की त्यांचं प्रमाण कसं बदलतं, तेही दिसतं. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत मुलं दुसऱ्याच मार्गाने जातात, आवाज चढवून. परीक्षकांनाही तेच आवडतं, त्याला काय करणार!

आता नाटक. नागपूरच्या मुलांना नाटक परकं वाटायचं काही कारण नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडून इथे शिकायला आलेली मुलं झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र बघत वाढलेली असतात. ‘वाडा चिरेबंदी’ लिहिणारे महेश एलकुंचवार याच शहरात महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. त्या नाटकातला वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर आठवला, की ‘सिम्बॉल’ म्हणजे काय, यावर टिपण लिहून द्यावं लागत नाही.

२०१९ साली अकरावीचं इंग्रजीचं नवं ‘युवकभारती’ आलं, त्यात नाटकाचा स्वतंत्र विभाग होता. शेक्सपिअर आणि इब्सेन यांच्याबरोबर लेडी ग्रेगरी या आयरिश लेखिकेच्या ‘द रायझिंग ऑफ द मून’ या एकांकिकेतला भाग त्यात घेतला होता. ही एकांकिका १९०७ साली रंगमंचावर आली. उजळणीसाठी मला हिच्याइतकं सोयीचं दुसरं काही सापडलेलं नाही, कारण वर सांगितलेलं सगळं इथे एका धक्क्यावर, चांदण्यात, एका पिंपावर बसलेलं आहे.

आयर्लंडवर इंग्रजांचं राज्य आहे. तुरुंगातून एक क्रांतिकारक पळाला आहे, त्याच्यावर शंभर पौंडांचं बक्षीस आहे. धक्क्यावर पहारा देणाऱ्या सार्जंटजवळ एक फाटका गाणारा येतो. तो फरारी माणूस किती भयंकर आहे, हे तो सार्जंटला सांगतो आणि सोबत म्हणून पहाऱ्याला बसतो. दोघं एकाच पिंपावर पाठीला पाठ लावून बसतात. हा गाणाराच तो फरारी, हे आपल्याला हळूहळू कळू लागतं, सार्जंटला कळत नाही. प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला नाही, ही ड्रॅमॅटिक आयरनी. झाडीपट्टीत अशा वेळी मागून एखादा प्रेक्षक “मागं बघ ना बे!” म्हणून ओरडला, तर त्याला ही संज्ञा समजली आहे, असं मी धरून चालेन.

मग तो माणूस देशभक्तीचं एक जुनं गाणं म्हणतो आणि मध्ये एक ओळ गाळतो. सार्जंट ती ओळ सांगतो. म्हणजे तरुणपणी त्यानेही ती गाणी म्हटली आहेत! इथे युक्तिवाद एकही झालेला नाही. गाळलेल्या एका ओळीने काम केलं. आणि लगेच तो माणूस विचार सुरू करून देतो : तेव्हा तू त्या मुलांबरोबर गेला असतास, तर आज पिंपाच्या या बाजूला तू असतास आणि तुला पकडायला कदाचित मी आलो असतो. इंग्रजीच्या तासाला याला ‘थर्ड कंडिशनल’ म्हणतात. ‘इफ’, ‘हॅड’, ‘वुड हॅव’ असा साचा फळ्यावर लिहून मुलं घोकतात. मराठीत आपण ‘गेला असतास तर’ सहज म्हणतो. जे घडलं नाही आणि आता घडू शकणार नाही, त्याकडे वळून बघण्याचं हे क्रियापद आहे. सार्जंटच्या छातीत नेमकं तेच रुततं. साचा पाठ होण्याआधी हे रुतणं कळलं, तर साचा पाठ करावा लागत नाही.

इथे मी थोडा थांबतो आणि १९२३चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह सांगतो. तिरंगा घेऊन निघालेल्यांना अडवणाऱ्या रांगेतले शिपाई बहुतेक इथलेच होते. सरकारी पगार, अंगावर वर्दी आणि समोर आपलीच माणसं. नाटकातला ‘कॉन्फ्लिक्ट’ दोन माणसांत असतो, तसा एका माणसाच्या आतही असतो. सार्जंटचा सगळा झगडा आतला आहे.

शेवटी दुसरे पोलीस परत येतात. फरारी पिंपामागे लपलेला आहे, त्याची टोपी आणि केसांचा टोप सार्जंटच्या हातात आहे. सार्जंट ते पाठीमागे धरतो. ही रंगसूचना आहे, संवाद नाही. बक्षीस, नोकरी, तरुणपण, गाणं, सगळं त्या पाठीमागे नेलेल्या हातांत आलं आहे. पोलीस जातात, फरारी होडीतून निसटतो. सार्जंट एकटा उरतो आणि शंभर पौंड घालवणारे आपण मोठे मूर्ख ठरलो की काय, असं प्रेक्षकांकडे वळून स्वतःलाच विचारतो. ऐकायला दुसरं पात्र नाही, म्हणून हे स्वगत. प्रश्न प्रेक्षकांकडे टाकलेला आहे, म्हणून रेटरिकही.

हा प्रसंग मी मुलांना इनडायरेक्ट स्पीचमध्ये, बातमी म्हणून लिहायला सांगतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात काय छापून आलं असतं? गेल्या वर्षी एका मुलीने एकच वाक्य लिहून वही पुढे केली : ‘द प्रिझनर वॉज नॉट फाउंड.’ मी विचारलं, “पॅसिव्ह का वापरलंस?” ती म्हणाली, “सर, बातमी सार्जंटनेच दिली असेल ना.”